दातेरी काठाची पट्टी

आमच्याकडे त्याला सगळे सावकाशराव म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. हे नाव मी पाडलं, आणि त्याच्या तोंडावर पाडलं, कारण माणसाच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही. जे काय असेल ते समोर आणि मोठ्याने. सव्वीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी कानांवर हात ठेवायला नको.

गंमत बघा, हा सावकाशराव कामाला होता कुठे, तर आवाजाच्या दुप्पट वेगाने वारा सोडणाऱ्या बोगद्यावर! बोगदा म्हटलं की लोकांना डोंगर आठवतो. आमचा बोगदा लोखंडाचा, एका लांबलचक शेडमध्ये आडवा पडलेला. मधोमध कपड्यांच्या कपाटाएवढी जागा, तिला दोन्ही बाजूंनी जाड काचा आणि एक वजनदार दरवाजा. विमानाचा किंवा इंजिनच्या तोंडाचा छोटा नमुना त्या जागेत बसवायचा, दरवाजा लावायचा आणि वारा सोडायचा. वारा साठवायचं काम माझं. तीन टाक्या, एकेक दुमजली घराएवढी, भरायला पन्नास मिनिटं. आणि ती सगळी हवा संपायची बारा सेकंदांत. मी तासभर राबायचं आणि बारा सेकंदांत सगळं फुस्स. त्यावरून मी कुरकुर केली की सावकाशराव विचारायचा, "वहिनी दोन तास राबून स्वयंपाक करतात, तो तू किती वेळात संपवतोस?"  मी चिडायचो, आणि तो चहाचा पेला पुढे सरकवायचा.

त्याचं काम नमुन्याचं. बनवायचा तो, बसवायचा तो, पुसायचा तो आणि दरवाजा लावायचाही तोच. नोकरीला लागला तेव्हा साधा फिटर होता. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्या वेळी स्वतःच शिकत होत्या. त्यांनी त्याचे हात पाहिले आणि त्याला नमुन्यांच्या खोलीत आणलं. त्या खोलीत एक लांब टेबल, एक भिंगाचा दिवा, भिंतीवर टांगलेल्या कानशी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची त्याने कधी ठेवली नाही. "बसायला जागा असली की लोक बोलत बसतात," म्हणायचा. मी उभ्याने बोलायचो.

एकतीस वर्षांत त्याच्या नमुन्यावर कधी एक केस राहिला नाही. हे मी कौतुकाने फुगवून सांगत नाही. तुम्हाला वाटेल, केस राहिला तर काय मोठंसं? पण त्या वेगाच्या हवेला केससुद्धा कळतो. बोटाचा ठसा कळतो. म्हणून तो दरवाजा लावण्याआधी नमुना तीनदा पुसायचा, वाकून तिरप्या उजेडात बघायचा, आणि मगच फोन उचलून मला म्हणायचा, "हं, सोड." तोवर मी टाक्या भरून, घड्याळाकडे बघत, तोंडाचा पट्टा सुरू केलेला असायचा. "अरे ए, झोपलास का? टाक्या भरून दहा मिनिटं झाली!" तो ऐकून घ्यायचा आणि त्याला हवा तेवढाच वेळ लावायचा. माझ्या ओरडण्याने त्याचा हात कधी एका सेकंदाने लवकर हलला नाही. निदान पुढे ज्या दिवसाचं सांगणार आहे, तोवर तरी नाही.

घरी जायचो मी त्याच्या, रविवारी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वहिनींचं शिवणयंत्र, खिडकीपाशी, आणि कुणाकुणाचे अर्धवट कपडे खुर्च्यांच्या पाठींवर. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, फोनवर भेटणारी. वहिनींना तोंड होतं, माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच. त्यांची एक तक्रार कायमची, की हा माणूस माझी दातेरी कात्री पळवतो. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून शिवणारे लोक जी वापरतात ना, काठाला एकसारखे दात पाडणारी, तीच. शेवटी त्यांनी नवी घेतली आणि जुनी त्याला देऊन टाकली. "घेऊन जा तुमच्या विमानाला शिवायला," म्हणाल्या.

त्या कात्रीचं त्याला काय काम होतं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नमुन्यावर पातळ ॲल्युमिनियमच्या चिकटपट्ट्या लावाव्या लागतात. काही पट्ट्या वाऱ्यातही राहायच्या असतात, सांधा झाकायला वगैरे. काही तात्पुरत्या असतात, काम झालं की काढायच्या. त्याने नेम केला होता: सरळ काठाची पट्टी राहायची, दातेरी काठाची काढायची. म्हणजे दरवाजा लावताना दात दिसले की समजायचं, हे काढायचं राहिलं. वीस वर्षं हा नेम चालला. कुठल्या पुस्तकात नव्हता, पण सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होता.

आता थोडं हवेबद्दल. घाबरू नका, मलाही एवढंच कळतं. हवा कितीही जोरात वाहत असली तरी भिंतीला लागून एक पातळ थर असतो, नखाएवढाही जाड नाही, त्यातली हवा मंद. बाकीची हवा सुसाट पळतेय आणि ही भिंतीला धरून कशीबशी सरकतेय, दमलेली. एवढ्या वेगाच्या हवेला एकदम वळावं लागलं की वाटेत शॉक उभा राहतो. शॉक म्हणजे न दिसणारा पडदाच म्हणा, ज्याच्या पलीकडे दाब एकदम चढलेला. पळणारी हवा त्यातून पार होते. दमलेल्या थराला ते झेपत नाही. तो अडतो, उलटा फिरतो, भिंतीपासून सुटतो आणि तिथे फुगा धरतो. इंजिनच्या तोंडात असा फुगा आला की हवेची वाट अडते आणि इंजिनाला ठसका लागतो. उडत्या विमानाच्या इंजिनाला ठसका लागणं चांगलं नाही, हे कळायला शिकावं लागत नाही.

तर हा फुगा येऊ द्यायचा नाही, यावर आमच्याकडे एक मुलगी पीएचडी करत होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण माझ्या लेकीपेक्षा लहान, म्हणून माझ्या तोंडी मुलगीच येतं. सावकाशराव तिला ताई म्हणायचा, ती आम्हा दोघांना काका म्हणायची. मी पंपवाले काका, तो नुसता काका. तिचं म्हणणं असं की शॉकच्या जरा अलीकडे पत्र्याला बारीक भोकांची रांग पाडायची, खालून हवा ओढायची आणि तो दमलेला थर शॉकपर्यंत पोचायच्या आतच काढून टाकायचा. हवा ओढायला माझ्याकडे एक वेगळी रिकामी टाकी होती, आतली हवा काढून ठेवलेली. भोकं सावकाशरावाने पाडली. चौऱ्याण्णव भोकं, सुईच्या नेढ्याएवढी, भिंगाखाली, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी त्या खोलीत शिंकलोसुद्धा नाही.

आणि इतकं करून फुगा काही जाईना. दोन वर्षांत सत्तावन्न फेऱ्या झाल्या. भोकांची जागा बदलली, ओढ वाढवली, कमी केली. फुगा जरासा आक्रसायचा आणि पुन्हा आपला जागच्या जागी. शेवटी तिचं काम तपासणाऱ्या समितीने तारीख दिली. पुढच्या सोमवारी अकरा वाजता बसू, आणि हे काम पुढे चालवायचं की बंद करायचं ते ठरवू. चार वर्षं घातलेल्या माणसाला 'बंद करायचं' हा शब्द कसा लागतो, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याआधीच्या बुधवारी एक फेरी उरली होती. अठ्ठावन्नावी.

त्या बुधवारी माझी दाढ दुखत होती. गाल भज्यासारखा फुगलेला, डोकं ठणकत होतं, आणि दाताच्या डॉक्टरने बाराची वेळ दिली होती. साडेअकराला माझ्या टाक्या भरल्या. सावकाशराव आत रंग लावत होता. रंग म्हणजे तेलात कालवलेली पांढरी भुकटी. ती नमुन्यावर लावायची, वारा गेला की तिच्या रेघांवरून कळतं हवा कुठे चिकटून गेली आणि कुठे सुटली. भोकांत ते तेल जाऊ नये म्हणून भोकांवर आधी पट्टी लावायची, रंग झाला की काढायची. दातेरी पट्टी, अर्थात.

मी फोन केला. "झालं का?" "होतंय," तो म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा केला. "होतंय रे." पावणेबाराला मी फोनवर नाही, थेट शेडच्या दारातून ओरडलो. काय ओरडलो ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. शेवट एवढा होता, की माझा जीव चाललाय इकडे आणि तू तिकडे नखरे करतोयस, लाव तो दरवाजा! आणि त्याने मान वर करून माझ्या गालाकडे पाहिलं, 'अरे बापरे' म्हणाला आणि दरवाजा लावला.

मी वारा सोडला. बारा सेकंद शेड थरथरली. बरं, ओढायच्या टाकीत किती हवा आली ते दाखवणारा काटा महिनाभर अडकलेला होता, त्याची तक्रार मी तीनदा लिहून दिली होती, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे ओढ लागली की नाही, हे सांगणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी स्कूटर काढली आणि डॉक्टरकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी, दाढ काढून, तोंडात बोळा घेऊन आलो तर प्रयोगशाळेत आनंदीआनंद. फुगा गेला! काचेतून घेतलेल्या चित्रात शॉकखालचा थर भिंतीला चिकटून सरळ गेलेला. मुलगी कालपासून जमिनीवर नव्हती म्हणे. वारा थांबल्या थांबल्या ती नियंत्रणाच्या खोलीतल्या संगणकासमोरून उठून बाहेरच्या बोळात धावली होती आणि आईला फोनवर सांगत होती, "आई, जमलं! अगं जमलं!" मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. सावकाशराव कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, दमलाय.

शुक्रवारी तो माझ्याकडे चहाला आला नाही. शनिवारी सुट्टी. रविवारी मी त्याच्या घरी गेलो, तर दार वहिनींनी उघडलं आणि नेहमीसारखं 'आले, वादळ आलं' म्हटलं नाही.

"भावजी, बरं झालं आलात," म्हणाल्या. "तुम्हीच विचारा यांना. चार दिवस माणूस ताटावरून अर्ध्यात उठतोय. आज शर्ट धुवायला काढला तर खिशात हे."

हातावर एक चुरगळलेली चांदीसारखी पट्टी होती. एका बाजूला पांढरा तेलकट रंग. दोन्ही काठांना दात.

मला कळायला वेळ लागला नाही. मी खालीच बसलो. सावकाशराव खिडकीपाशी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला होता, हात मांडीवर. म्हणाला, "वारा थांबला, मी दरवाजा उघडला, तर भोकांवर ही. एकाही बाजूने जराही सुटली नव्हती. बाहेर ताई आईशी बोलत होती. मी ओढून काढली आणि खिशात टाकली. त्याचा विचार केला नाही. हातच गेला."

"म्हणजे हवा ओढलीच गेली नाही?"

"कुठून जाणार? चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव भोकं बंद."

"मग फुगा गेला कसा?"

"दातांनी," तो म्हणाला. "मला तर तसंच वाटतं. पट्टीच्या दातांनी थर ढवळला असणार. वरची पळती हवा खाली मिसळली आणि दमलेल्या थराला जोर आला. भोकांनी काही केलेलं नाही."

वहिनी म्हणाल्या, "मग सांगून टाका ना उद्या! खातंय कशाला मनाला?"

आणि मी काय म्हणालो, ते ऐका. मी म्हणालो, "गप्प बस. निवृत्तीला तीन महिने राहिलेत तुझ्या. त्या मुलीचं काम झालंय, मॅडम खूश आहेत. फुगा गेला ना? कसा गेला याच्याशी कुणाला काय करायचंय? एकतीस वर्षांचं नाव एका पट्टीपायी मातीत घालणार का?" हे मी मित्राच्या काळजीने बोललो, असं त्या वेळी मला वाटलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. कारण पट्टी राहिली ती कुणामुळे, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तो त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. निदान एक शिवी तरी घालायची! पण नाही.

तो म्हणाला, "उद्या समिती हो म्हणेल. मग ताई मोठा नमुना मागेल, त्याला हजार भोकं. मग ती हे छापेल. ते वाचून कुठेतरी कुणीतरी खऱ्या इंजिनाला भोकं पाडेल. आणि त्याच्याकडे माझी पट्टी नसेल."

वहिनींनी पट्टी स्वच्छ कागदात गुंडाळली आणि त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. मी चहा न घेता उठलो. तसं माझ्या हातून क्वचितच होतं.

सोमवारी साडेआठला तो नमुन्यांच्या खोलीत होता. मीही गेलो. मुलगी अकराच्या बैठकीची चित्रं घेऊन आली होती, तिला नमुना हातात धरून दाखवायचा होता. त्याने टेबलावर कागद उलगडला.

"ताई, बुधवारच्या फेरीत ही भोकांवर राहिली होती. मी काढायला विसरलो. हवा ओढली गेलीच नाही."

ती पट्टीकडे बघत राहिली. मग तिने आपल्या चित्रांतलं एक काढलं, रंगाच्या रेघांचं. भोकांच्या मागे रंगाचा काठ होता, त्या काठाला एकसारखे दात. "हे मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं हवा भोकांत जाताना असे दात पडले. यावर मी दीड पान लिहिलंय." तिने चित्र पट्टीशेजारी ठेवलं. दाताला दात जुळत होता.

"बुधवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आईशी बोलत होतात."

"मग गुरुवारी?"

त्याने टेबलावरच्या कागदाची घडी सरळ केली.

"शुक्रवारी? शुक्रवारी मी दिवसभर याच खोलीत होते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तुम्ही विसरलात, ते मी समजू शकते. पण चार दिवस मला नाचू दिलंत. दुसरं कुणी असतं तर मी पट्टी शोधली असती, भोकं तपासली असती. तुम्ही होतात म्हणून मी बघितलंसुद्धा नाही."

सावकाशरावाची मान खाली. त्याने एवढंच म्हटलं, "चुकलो."

आणि मी, जो दहा भिंतींपलीकडे ऐकू जातो, तो मी तिथे दाराला टेकून उभा होतो. मला बोलायचं होतं, की अगं, तो विसरला नाही, मी त्याला ओरडून ओरडून विसरायला लावलं.  लाज वाटते सांगायला, पण वाटू दे. मी म्हणालो, "टाक्या भरायच्यात मला," आणि निघून गेलो. त्या दिवशी एकही फेरी नव्हती. रिकाम्या खोलीत पंपासमोर बसून राहिलो.

अकराच्या बैठकीत मुलीने स्वतःच सगळं सांगितलं. पट्टी समितीसमोर ठेवली. म्हणाली, माझी भोकं हरली आहेत, पण या पट्टीने काहीतरी केलंय, ते मला बघू द्या. त्यांनी दोन महिने दिले. मग मॅडम सावकाशरावाकडे आल्या. त्यांनाही जड जात होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नमुन्यावरही त्याचाच हात फिरला होता. पण नियम तो नियम. यापुढे दरवाजा लावायच्या आधी दुसऱ्या माणसाने आत बघायचं, कागदावर खूण करायची आणि सही करायची. सही मुलीची. एकतीस वर्षं जो दरवाजा तो एकटा लावत होता, तो आता तिच्या सहीवाचून लागणार नव्हता. त्याने 'बरं' म्हटलं.

पुढचे दोन महिने काम भरपूर झालं आणि बोलणं काहीच नाही. नुसती भोकं, नुसती पट्टी, दोन्ही एकत्र, सगळं करून पाहिलं. नुसत्या भोकांनी फुगा होता तसाच. पट्टी लावली की जायचा, दरवेळी. मग पट्टी किती जाड, दात केवढे, शॉकच्या किती अलीकडे. ती खोलीत यायची आणि म्हणायची, "दात तीन मिलिमीटरचे हवेत." पूर्वी अशा वाक्याच्या शेवटी 'काका' असायचं. आता नसायचं. तो दात कापून द्यायचा. दरवाजाशी ती विजेरी घेऊन वाकायची, कोपरान् कोपरा बघायची, सही करायची आणि वळून निघून जायची. तो बाजूला उभा राहायचा, हात मागे बांधून. मी ते शेडच्या दारातून बघायचो आणि पाय न वाजवता माघारी जायचो. ओरडणं तर मी पार सोडून दिलं होतं. लोक विचारायला लागले, पंपवाल्या काकांची तब्येत बरी नाही का?

मुलीचं काम मार्गी लागलं. समितीने मान्यता दिली, प्रबंधाचं नाव बदललं, भोकांच्या जागी दात आले. ती हसायला लागली, सगळ्यांशी. त्याच्याशी मात्र कामापुरतीच.

आणि त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी एकच फेरी होती, सकाळी दहाला. टाक्या भरून मी बोगद्यापाशी गेलो, म्हटलं शेवटची फेरी आहे, फोनवर 'सोड' ऐकण्यापेक्षा तिथेच ऐकावं. सावकाशरावाने नमुना तीनदा पुसला, तिरप्या उजेडात बघितला आणि बाजूला झाला. मुलगी आली. तिच्या हातात कागद होता, विजेरी नव्हती. ती आत वाकली नाही. तिने सगळ्या खुणा केल्या, खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"झालं, काका. लावा दरवाजा."

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. पण त्याने कागद घेतला नाही.

"असं नका करू, ताई," तो म्हणाला. "आत बघा. बघून सही करा."

"तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"तो होताच की. त्यानेच तर झालं."

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. तीन महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि माझं बाहेर येणं म्हणजे शेडभर. "अहो, त्याची चूक नव्हतीच! माझी दाढ दुखत होती, मी इथे दारात उभं राहून गुरासारखा ओरडलो त्याच्यावर! माझ्या बोंबलण्याने त्याने दरवाजा लावला! आणि त्या सोमवारी मी तिथे उभा होतो आणि तोंड उघडलं नाही! मी भित्रा आहे, ताई, हा माणूस नाही!"

आवाज घुमून विरला. मुलगी माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे. "काका, हे खरं आहे? मग तुम्ही हे सांगितलं का नाहीत?"

सावकाशराव माझ्याकडे वळला. रागावला नव्हता. नेहमी चहाचा पेला पुढे सरकवताना असायचा, तसा चेहरा होता.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "हा सव्वीस वर्षं रोज ओरडतोय. मी त्या दिवशी ऐकलं. चूक माझी."

मला रडू फुटलं. भर सकाळी, सगळ्यांसमोर. मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग ती नियंत्रणाच्या खोलीत गेली, विजेरी घेऊन आली, दरवाजाशी गुडघे टेकले आणि आत वाकली. घाई केली नाही. चौऱ्याण्णव भोकांच्या रांगेवरून, सांध्यांवरून, कोपऱ्यांतून उजेड फिरवत राहिली. आम्ही दोघे उभे होतो. मग ती उठली, आधीची सही खोडली आणि तिच्याखाली पुन्हा सही केली. त्याने दरवाजा लावला, आणि मी वारा सोडायला गेलो.